साहेबांच्या मर्जीतल्या माणसास

चि.
अनेक आशीर्वाद.

मंत्रीसाहेब आता तुला विचारल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत, हे तुझ्या पत्रातून कळलं. अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, रात्री झोप लागली नाही. त्रिंबकजी डेंगळे सारखा डोळ्यांपुढे येत राहिला.

निमगाव जाळीचा हा माणूस दुसऱ्या बाजीरावाकडे साधा जासूद होता. कामाला वाघ, सांगितलेलं करून दाखवणारा. जुन्या सरदारांना बिचकणाऱ्या पेशव्याला असाच माणूस हवा होता, ज्याला पेशव्यावाचून दुसरा आधार नाही. माझ्या मते त्याच्या बढतीचं खरं कारण हेच, आणि घाताचंही. १८१४ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडची अहमदाबादची मामलत, म्हणजे वसुलीचा हक्क, काढून त्याला दिली गेली. तो तंटा मिटवायला इंग्रजांच्या हमीवर गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यात आले होते. २० जुलै १८१५ च्या रात्री, आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरात देवदर्शनाहून परतताना त्यांचा खून झाला.

त्यात पेशव्याचा हात किती, यावर आजही वाद आहे. पण बोट त्रिंबकजीकडेच गेलं. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने फौज हलवताच बाजीरावाने दोन महिन्यांत त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या वर्षी तो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. खिडकीखाली एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, गाण्यातून बेत कळवायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नसे, असं सांगतात. त्याने माणसं जमवली, ती पेशव्यासाठीच. त्याच पेशव्याने जून १८१७ च्या पुणे तहात शास्त्र्यांच्या खुनाचा दोष त्याच्यावर असल्याचं मान्य केलं. १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला आणि दूर गंगेकाठी चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारला. बाजीरावाला मात्र सालिना आठ लाखांचा तनखा मिळाला.

तू लिहितोस, ‘साहेब तोंडी सांगतात, मी अधिकाऱ्यांना फोन करतो.’ बाळा, हे आजच थांबव. निरोप साहेबांचा असेल तर शेरा त्यांच्या सहीने फाईलवर येऊ दे. ते चिडले तर चिडू देत. तुझी राहिलेली परीक्षाही याच वर्षी दे. साहेबांवाचून तुला उभं राहता आलं पाहिजे. आणि त्या जमिनीच्या प्रकरणात आतापर्यंत कुणाकुणाला फोन केलेस, ते तारखांसह लिहून रविवारी घेऊन ये. आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका