विचारा तर खरं : चंपाषष्ठीचं भरीत आणि फ्लॅटमधली तळी

प्रश्न (ऐरोलीहून एक वाचक भगिनी) : लग्न झाल्यापासून बघतेय, सासरी आषाढापासून वांगं बंद, कांदा बंद, आणि चंपाषष्ठीला एकदम भरीत-रोडगा. खंडोबाला वांगंच का? आणि रोडगा ओव्हनमध्ये केला तर चालेल का?

उत्तर : ताई, ज्यांचं कुलदैवत खंडोबा त्यांच्यातल्या बऱ्याच घरी हे असतंच. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी, त्या दिवशी कांदाभजी, थालीपीठं, भरली वांगी असं सगळं चापून खाऊन घ्यायचं आणि मग चातुर्मास पाळायचा. बाकीच्यांचं कार्तिकी एकादशी झाली की सुटतं पण खंडोबावाल्यांचं वांगं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत थांबतं, कारण नव्या वांग्याचा मान आधी देवाचा. पावसाळ्यातलं वांगं किडकं असतं, पचत नाही वगैरे कारणं व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतात, असेलही तसं, पण मला विचाराल तर कारण शेतातलं आहे. त्या सुमाराला बाजरी घरात येऊन पडलेली, वांगी भरात, कांद्याची पात कोवळी. धनगर-शेतकऱ्यांचा देव तो, शिवारात जे आलंय तेच त्याच्या ताटात जाणार ना!

रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेला. ऐरोलीत गोवऱ्या पेटवल्यात तर सेक्रेटरी दारात उभे राहतील, तेव्हा ओव्हन खुशाल वापरा. वांगं मात्र थेट गॅसवर भाजा, साल पूर्ण काळी पडून देठाजवळ बोट लावलं की आत गेलं पाहिजे, तिथेच कच्चं राहतं आणि मग भरीत तुरट लागतं.

नैवेद्यातला घास कुत्र्यालाही देतात, खंडोबासोबत कुत्रं असतंच म्हणून तो मान. पण कांदा कुत्र्यांना बाधतो, म्हणून सोसायटीतल्या भूभूला भरीत नको, नुसती भाकरी घाला.

प्रश्न (कोपरखैरण्याहून एक कॉलेजकुमार) : मणी आणि मल्ल दैत्य होते ना, मग देवाच्या 'मल्हारी' ह्या नावात मल्ल कसा? आणि घट 6 दिवसच का बसतात?

उत्तर : मस्त प्रश्न. 'मल्हारी माहात्म्या'तली गोष्ट थोडक्यात अशी की हे दोघे भाऊ ब्रह्मदेवाच्या वराने माजले, मणिचूर्ण पर्वतावरच्या ऋषींना छळायला लागले, ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, शेवटी शंकराकडे, आणि शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं. मार्गशीर्ष प्रतिपदेला सुरू झालेलं युद्ध षष्ठीला संपलं, म्हणून षड्रात्र : पहिल्या दिवशी घट, अखंड दिवा, रोज एक माळ आणि सहाव्या दिवशी घट उठवायचे.

मणीने हरल्यावर आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागितली, ती मिळाली. देवघरातल्या टाकावरचा, म्हणजे धातूच्या छोट्या पत्र्यावर उठवलेला खंडोबा घोड्यावर बसलेला दिसतो तो हाच घोडा. मल्लाने मागितलं काय, तर देवाच्या आधी माझं नाव लागू दे! झाला मल्हारी. मला ह्या कथेतलं हेच आवडतं, शत्रू मारून विषय संपवला नाही तर त्याला घरातच ठेवून घेतलं. खंडोबाचा स्वतःचा नैवेद्य शाकाहारी, बकऱ्याचा मान मणीला, असं लोक आजही मानतात.

प्रश्न (ठाणे, वर्तकनगरहून एक वाचक) : तळी भरायला 5 पुरुष लागतात म्हणे. घरात मी आणि मुलगा दोघंच. गावाला जाणं ह्यावेळी जमत नाही. शिवाय भंडारा उधळला की टाइल्सवर डाग पडतात म्हणून बायको वैतागते.

उत्तर : दादा, 5, 7 अशी विषम संख्या लागते हे खरं, पण ते सगळे भाऊबंदच हवेत असं कुणी सांगितलं? मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलवा. आणि वहिनींनी, मुलीने हात लावला तर देव रागावत नाही हे माझं मत, काही घरांत ज्येष्ठांना पटत नाही, तिथे वाद घालत बसू नका, पण तुमच्या घरात ज्येष्ठ तुम्हीच दिसताय.

तळी भरायची म्हणजे ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे, नाणं आणि भंडारा ठेवायचा, सगळ्यांनी मिळून ताम्हण धरायचं आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तीनदा उचलायचं. मग भंडारा एकमेकांच्या कपाळाला आणि खोबरं प्रसाद म्हणून. दिवटी (हातात धरायची छोटी मशाल) असेल तर पेटवा, नसेल तर समई पुरते.

भंडारा म्हणजे हळद, सोन्याचा आणि सूर्याचा रंग, मार्तंड नावातच सूर्य आहे आणि रविवार हा खंडोबाचा वार. पण पाकिटातला भडक पिवळा 'भंडारा' बऱ्याचदा नुसता रंग घातलेली पावडर असते, डाग त्याचे जास्त. जांभळी नाक्यावरून हळकुंडं आणा आणि दळून घ्या. उधळायचाच असेल तर चिमूटभर, खाली जुनी चादर अंथरून. आणि सांडलाच तर लगेच ओलं फडकं फिरवू नका, हळद भिजली की टाइल्सच्या सांध्यात बसते, आधी कोरड्या झाडूने सगळी गोळा करा.