पायांना मूड लागत नाही

‘ताई, आठ महिने झाले, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. थोडा फरक आहे. पण घरातलं जो तो म्हणतो, जरा चालायला जात जा, बरं वाटेल. अशी चीड येते! मला आजार झालाय, आळस नाही. चालून खरंच काही होतं का?’

चीड येणारच गं. त्या वाक्यामागचं ‘तू मनावर घेत नाहीस’ हे तुला न बोलताच ऐकू येतं. तुझा आजार खरा आहे. आणि चालण्याचा उपयोग होतो तोही मनावर घेतल्यामुळे नाही, तर पेशींमध्ये जे घडतं त्यामुळे.

ताण वाढला की शरीरात किन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो. तो रक्तातून मेंदूत शिरतो. नैराश्याशी त्याचा संबंध जोडला गेलाय. २०१४ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं, की व्यायामाने कसलेल्या स्नायूत अशी एन्झाइम्स वाढतात जी या किन्युरेनिनचं रूपच पालटतात. मग त्याला मेंदूत शिरता येत नाही. म्हणजे पोटरी आणि मांडी रक्तातला तो पदार्थ निवळून काढतात. मला हे वाचून फार धीर आला होता, कारण स्नायूला तुझा मूड लागत नाही. तू रडवेल्या चेहऱ्याने चाललीस तरी तो आपलं काम करतो.

दुसरी गोष्ट हिप्पोकॅम्पसची. स्मरणाशी निगडित असलेला मेंदूचा हा भाग दीर्घ नैराश्यात आक्रसलेला आढळतो. २०११च्या एका अभ्यासात १२० वयस्क होते. त्यातले जे आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटांपर्यंत चालले, त्यांचा हा भाग वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. त्यांना नैराश्य नव्हतं, हे खरं. पण मेंदू असा वाढू शकतो, एवढं तरी त्यातून कळतं.

गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नकोस. चालणं सुरू करतेयस हे डॉक्टरांना सांग. आणि जगणं नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी त्यांना गाठ, घरच्यांनाही सांग.

४० मिनिटांचा विचार आत्ता नको. उद्या फक्त बूट घाल, नाडी बांध, दाराबाहेर पाच मिनिटं जाऊन ये. पोटरी जराशी गरम झाली की पुरे. परतल्यावर कुणी ‘बरं वाटलं का?’ विचारलं, तर उत्तर नाही दिलंस तरी चालेल.