पाणथळ जागा लाटाही अडवते आणि पाणीही साफ करते, हे खरं आहे का?
दोन्ही खरं, पण मर्यादेत. जर्मनीत हॅनोव्हरला सुमारे ३०० मीटर लांबीच्या हौदात खाऱ्या दलदलीचे खरेखुरे तुकडे बसवून त्यावर वादळी लाटा सोडल्या होत्या (निष्कर्ष २०१४ साली छापून आले). गवत आडवं झालं, काड्या मोडल्या. तरी लाटांचा जोर कमी झाला आणि खालची माती जागची फारशी हलली नाही. मला तर मातीचंच जास्त नवल वाटतं.

प्रदूषणाचं म्हणाल तर चिखल उकरून बघा: वर तपकिरी पापुद्रा, खाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास. तिथे ऑक्सिजन नसतो, म्हणून जिवाणू त्याऐवजी पाण्यातलं नायट्रेट (खतांतून, सांडपाण्यातून येणारं प्रदूषक) वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. त्याच वाटेने येणारा फॉस्फरस मात्र उडत नाही, गाळाला चिकटून बसतो. गाळाची धारणक्षमता संपली, की तोच पुन्हा पाण्यात उतरायला लागतो.