मुलीचा घोटा सारखा मुरगळतो, पण दर वेळी आठवड्याभरात दुखणं थांबतं. तरीही काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमची १५ वर्षांची मुलगी शाळेच्या कबड्डी संघात चढाई करते. या वर्षात तिचा उजवा घोटा तिसऱ्यांदा मुरगळलाय. दर वेळी गोळी, मालीश आणि थोडी विश्रांती झाली की आठवड्यात दुखणं थांबतं आणि ती परत मैदानात उतरते. आता कालच मुरगळलाय आणि जिल्हा स्पर्धा चार आठवड्यांवर आलीय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे कबड्डी-खोखोची मुलंमुली बरीच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो, काळजी करावी. आणि ती याचसाठी की दुखणं आठवड्यात थांबतं.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडांना बांधून ठेवणारे तीन अस्थिबंध असतात. त्यातला पुढचा सगळ्यांत कमजोर. बोनस रेषेकडे पाय टाकताना किंवा पकडीतून निसटताना पाऊल आतल्या बाजूला वळलं की आधी तोच ताणला जातो, कधी थोडा फाटतो. सूज आणि दुखणं एक-दोन आठवड्यांत ओसरतं, पण त्या अस्थिबंधाला पुरेशी ताकद यायला सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. शिवाय पाऊल कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी नसांची टोकं याच अस्थिबंधात असतात. तीही दुखावतात. मग पाऊल वळायला लागलं तरी पोटरीच्या बाहेरचे स्नायू त्याला सावरायला उशिरा धावतात. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तो या उशिरामुळे. तुमच्या मुलीच्या पायात काही मुळातच दोष आहे असं मनात आणू नका. तिचा पाय पहिल्यांदा मुरगळला तेव्हाच त्याचं अर्धं काम राहून गेलं.

पण आजचं आधी बघू. हाड मोडलंय का, हे सुजेवरून ठरत नाही. प्रचंड सुजलेला पाय नुसता मुरगळलेला निघतो आणि फारसा न सुजलेल्या पायात चीर सापडते. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी टोकदार हाडं आहेत, त्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तो दाबा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यांपैकी कुठेही हाडावरच दुखलं, किंवा मुरगळल्या मुरगळल्या आणि आताही तिला चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. लंगडत टाकली तरी ती पावलं धरायची. वाढीच्या वयात मात्र मी जास्त सावध असते, कारण हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग अस्थिबंधापेक्षा कच्चा असू शकतो. थोडीही शंका वाटली तर एक्स-रे काढून घ्या. पावलाला बधिरपणा असेल, बोटं निळसर दिसत असतील किंवा पाय वाकडा वाटत असेल, तर आजच दवाखाना गाठा.

एक्स-रे होईपर्यंत कुणालाही पाय ओढून ‘बसवू’ देऊ नका. गावोगावी सांधा बसवून देणारे असतात, त्यांच्या हाताला यश असल्याच्या गोष्टीही असतात. पण आत चीर असेल तर त्या एका झटक्याने हाड सरकू शकतं. मालीशही पहिले दोन-तीन दिवस नको. आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळल्याने आणखी वाहतात आणि सूज वाढते. गरम शेक आणि आंबेहळद-तुरटीचा गरम लेपही तेवढे दिवस थांबवा. पुढे कोमट लेप न चोळता लावायचा असेल तर माझी हरकत नाही, फक्त कातडीला फोड येत नाहीत ना ते बघा.

बर्फाबद्दल तुम्ही विचारलंत. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावा. त्याने दुखणं कमी होतं, आणि तेवढ्यासाठीच तो लावायचा. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये रूढ केला. पुढे २०१४ साली त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. त्यामुळे तासन्‌तास बर्फ धरून बसू नका आणि तिला आठ दिवस खाटेवरही ठेवू नका. दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्यायचं आणि रात्री सोडायचं. तिसऱ्या दिवसापासून सोसवेल तेवढं वजन टाकत चालू द्या.

गोळ्यांबाबत माझं मत ठाम आहे. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, म्हणून पाकीट वाचा, दोन्ही एकत्र होऊ देऊ नका. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सोबत ताप असेल तर मुळीच नको, कारण डेंग्यू निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि सामन्याआधी गोळी देऊन मुलांना मैदानात उतरवायची जी सवय शाळाशाळांत पसरलीय, ती पाहून मला खरोखर वाईट वाटतं. दुखणं ही पायाची तक्रार असते. ती गोळीने दाबली की मुलगी त्याच पायावर पूर्ण जोराने उडी मारते. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडालाही जड जातात.

आता दोनदा राहून गेलेलं काम. हाड मोडलेलं नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगा, सकाळ-संध्याकाळ. मग भिंतीला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, पुढे एका पायावर. सलग वीस-पंचवीस वेळा दुसऱ्या पायाइतकं सहज जमेपर्यंत हे चालू ठेवायचं.

सगळ्यांत महत्त्वाचा तो तोल. एका पायावर ३० सेकंद उभं राहायचं, पाऊल डगमगू न देता. ते जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या सतरंजीवर किंवा जाड उशीवर उभं राहून चेंडू झेलायचा. दात घासताना, अभ्यासाची उजळणी करताना, कधीही करता येतं. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यावर याच्याइतका उपयोगी आणि इतका स्वस्त इलाज मला माहीत नाही, आणि नेमका हाच सगळे अर्ध्यावर सोडतात, कारण तोवर दुखणं थांबलेलं असतं. दुखणं थांबल्यानंतरही किमान सहा ते आठ आठवडे तो चालू राहिला पाहिजे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि एक पायरी खाली या.

राहिली स्पर्धा. चार आठवडे कमीच आहेत, पण तारखेकडे बघून ठरवू नका, पाय बघून ठरवा. दुखऱ्या पायावर लंगडी घालत सरळ आणि आडवं, दुसऱ्या पायाइतकं अंतर जातं का? भिंतीसमोर पाऊल सपाट ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावताना अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही पायांना सारखं येतं का? वेगात धावत अचानक दिशा बदलताना ती पायाला जपते का? खऱ्या वेगाने दहा-बारा चढाया केल्यावर दुसऱ्या दिवशी सूज येते का? हे सगळं गोळीविना नीट जमलं तर फिजिओथेरपिस्टकडून टेप लावून किंवा घोट्याचा आधारपट्टा घालून तिला खेळू द्या. आधी मुरगळलेल्या घोट्याला याचा चांगला फायदा होतो. नुसतं क्रेप बँडेज सामन्यात पाय धरून ठेवत नाही. यातलं एक जरी जमत नसेल तर या स्पर्धेत नको. आणि तीन महिने नेमाने व्यायाम करूनही घोटा दगा देत राहिला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

खेळाच्या शिक्षकांशी मात्र तुम्ही स्वतः बोला, ते तिच्यावर सोडू नका. संघातून नाव जाईल या भीतीने या वयाच्या मुली दुखत असतानाही ‘आता काही नाही’ असंच सांगतात.