मशीन ताशी ४००० ट्रे काढतं, ड्रायर सुकवतो २५००: उरलेले ७० टक्के भरू का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (पीआय, म्हणजे विक्रेत्याने आधी दिलेलं किंमत आणि अटींचं बिल) तीनदा. मला समजलं ते असं, चुकलं तर सांगा. तुम्ही आणि तुमचे पार्टनर रद्दीच्या लगद्यापासून अंड्यांचे ट्रे बनवायची लाइन टाकताय, मशिनरी परदेशातून येतेय, ३० टक्के ॲडव्हान्स गेलाय, उरलेले ७० टक्के माल निघायच्या आधी द्यायचेत. एका मोठ्या पोल्ट्रीला रोज ६०,००० ट्रे द्यायचा करार तुम्ही करूनही बसलात आणि त्यात उशिराला दंड आहे. मग फाउंडेशनचं ड्रॉइंग आलं आणि त्यात ड्रायरच्या चौकटीखाली बारीक अक्षरात २५०० दिसलं. विचारलं तर सेल्सवाला म्हणतो, ४००० हे मॉडेलचं नाव आहे, मोठा ड्रायर हवा तर पैसे वेगळे, आणि महिनाअखेर बॅलन्स आला नाही तर ॲडव्हान्स जप्त. तुम्ही विचारताय की पैसे भरू, की ऑर्डर रद्द करून ॲडव्हान्स परत मागू?

दोन्ही नका करू, निदान आत्ता तरी नको. भरलेत तर तुमच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं. आणि रागाच्या भरात "ऑर्डर कॅन्सल" असा मेल टाकलात तर करार मोडणारे तुम्ही ठरता, मग विक्रेताच वकील लावेल आणि नुकसानभरपाई मागेल.

खरी मेख पीआयमध्येच आहे. वर हेडिंगमध्ये लिहिलंय "एग ट्रे प्रॉडक्शन लाइन, ४००० नग प्रति तास". खाली तक्त्यात पल्पर (रद्दीचा लगदा करणारं यंत्र), फॉर्मिंग मशीन (लगद्याला ट्रेचा आकार देणारं), व्हॅक्यूम पंप, कॉम्प्रेसर, मोल्ड (साचे) आणि "मेटल ड्रायर, १ संच". ड्रायरपुढे आकडाच नाही. आता तो म्हणणार ४००० फॉर्मिंग मशीनचे, तुम्ही म्हणणार अख्ख्या लाइनचे. माझ्या मते वजन तुमच्या बाजूला आहे, कारण आकडा "लाइन" या शब्दाला जोडलाय, आणि ओला ट्रे हा काही विकायचा माल नाही, तो हातात धरला तर मोडतो. पण हे माझं मत झालं, समोरच्या वकिलाला तक्त्याकडे बोट दाखवायला जागा आहे हेही खरं.

मी इंजिनियर नाही, पण गुणाकार येतो. मोल्डवरून निघालेल्या ट्रेमध्ये साधारण ७० ते ७५ टक्के पाणीच असतं. सुका ट्रे ७० ग्रॅमचा धरला तर ओला २८० ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे एका ट्रेमागे २१० ग्रॅम पाणी उडवायचं. ताशी ४००० ट्रे म्हणजे तासाला ८४० किलो पाणी, २५०० म्हणजे ५२५ किलो. हा फरक बर्नर आणि ड्रायरच्या लांबीचा आहे, "थोडं ॲडजस्ट करू" म्हणून तो मिटणार नाही, त्यामुळे फोनवर तो काहीही गोड बोलला तरी ऐकू नका. आणि अजून एक गंमत बघा, २५०० गुणिले २४ बरोब्बर ६०,००० होतात. म्हणजे तो उद्या म्हणेल की तुमची गरज भागतेच आहे की! भागते, पण मोल्डच्या जाळ्या धुवायला, मोल्ड बदलायला, लाइट गेली तर, एक मिनिटही मशीन थांबणार नसेल तर. हा मुद्दा त्याच्या आधी तुम्हीच लिहून टाका.

आता कायदा. दोन्ही देश १९८० च्या व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय माल-विक्री करारात असतील आणि पीआयमध्ये तो वगळलेला नसेल, तर तो आपोआप लागू होतो. त्यातलं कलम ७१ तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. समोरचा त्याच्या जबाबदारीतला मोठा भाग पार पाडणार नाही असं करार झाल्यावर उघड झालं, तर तुम्ही तुमचं पेमेंट थांबवू शकता, अट एकच की लगेच तसं कळवायचं. त्याने पुरेशी हमी दिली की पुन्हा पुढे जायचं. कलम ३५ म्हणतं की विकणाऱ्याला तुमचा खास उपयोग माहीत होता आणि तुम्ही त्याच्या जाणकारीवर विसंबलात, तर माल त्या उपयोगाचा असायलाच हवा. म्हणून तुम्ही ऑर्डरच्या आधी "आम्हाला दिवसाला ६०,००० सुके ट्रे लागतात" असं कुठे लिहिलं होतं का ते शोधा, व्हॉट्सॲपवर असेल तरी चालेल, तो चॅट तारखेसकट एक्स्पोर्ट करून ठेवा. तुमचा किंवा त्याचा देश त्या करारात नसेल तर बहुतेक कुठल्या तरी देशाचा साधा करार कायदा लागेल, तिथे शब्द वेगळे असतील, पण हेच पुरावे लागतात.

ॲडव्हान्स जप्तीचं म्हणाल तर, तुम्ही पाठवलेल्या पानावर "जप्त" हा शब्दच नाही, तिथे "ॲडव्हान्स पेमेंट ३०%" एवढंच आहे. किमतीचा आगाऊ भाग वेगळा आणि सौदा मोडला तर बुडेल अशी अनामत वेगळी. करारात नसताना सेल्सवाल्याच्या मेलने ती अनामत होत नाही. त्याचं खरंच नुकसान झालं तर तो ते सिद्ध करून मागू शकतो, पण सरसकट ३० टक्के गिळणं वेगळी गोष्ट.

तर उद्या एक पत्र जाऊ दे, मेलने आणि कुरियरने, कंपनीच्या पत्त्यावर, सेल्सवाल्याला नाही. शिव्या नकोत, धमकी नको. ड्रॉइंगमधलं २५०० आणि पीआयमधलं ४००० समोरासमोर ठेवा, बॅलन्स थांबवत आहोत, रद्द करत नाही हे स्पष्ट लिहा आणि दहा दिवसांत लेखी हमी मागा. हमीत क्षमतेची व्याख्या तुमची असू दे, साधारण अशी: "क्षमता म्हणजे ड्रायरमधून बाहेर आलेले, ३० अंड्यांचे, ६५ ते ७५ ग्रॅम वजनाचे, १० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे, विक्रीयोग्य ट्रे, खरेदीदाराच्या जागेवर सलग ८ तासांच्या चाचणीत ताशी सरासरी ४०००." रद्दी कोणती तेही घाला, वर्तमानपत्र किती आणि पुठ्ठा किती. नाहीतर चाचणी फसली की पहिलं वाक्य येतं "तुमचा लगदाच खराब आहे". माझ्या एका अशिलाची चाचणी फक्त वीस मिनिटं घेतली होती, तीही आधी गरम करून ठेवलेल्या रिकाम्या ड्रायरवर, आकडा काय झकास आला होता!

तो वाटाघाटीला आला तर पेमेंटची अटच फोडा. ७० पैकी ४० शिपिंगच्या कागदांवर, २० तुमच्या जागेवरची चाचणी पास झाल्यावर, १० वॉरंटी संपल्यावर किंवा तेवढ्याची बँक गॅरंटी. ४० साठी एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की बँकच पैसे देते ती सोय) उघडणार असाल तर एक लक्षात ठेवा, यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बँक फक्त कागद तपासते, मशीन बघत नाही, तेही जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवसांत. खोक्यात छोटा ड्रायर असला आणि कागद चोख असले तरी पैसे जाणार. म्हणून एलसीच्या कागदांत त्रयस्थ तपासनिसाचं सर्टिफिकेट घाला आणि त्यात ड्रायरची लांबी, थरांची संख्या, बर्नरची क्षमता येऊ दे. पीआय एफओबी आहे, म्हणजे माल जहाजावर चढला की जोखीम तुमची, इन्शुरन्स त्याआधी काढा. वॉरंटी "शिपमेंटपासून १२ महिने" आहे ती "चाचणी पास झाल्यापासून" करून घ्या, नाहीतर चार महिने बंदरात आणि शेडमध्येच जातील.

वादाचं कलम पीआयमध्ये दिसत नाही. पेमेंट, वॉरंटीच्या अटी बदलणाऱ्या दुरुस्तीपत्रातच लवाद (कोर्टाऐवजी नेमलेले पंच) घाला, तिसऱ्या देशात, भाषा ठरवून. तुमच्या कोर्टाचा निकाल घेऊन त्याच्या देशात वसुली करणं फार किचकट, लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून जास्त देशांत वसूल करता येतो. आणि हो, या गडबडीत "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका.

पोल्ट्रीच्या कराराचं मला जास्त टेन्शन आहे खरं तर. तिथे चूक तुमचीच, मशीन यायच्या आधी तारीख दिलीत. आजच जाऊन बसा त्यांच्याशी, पुरवठा "लाइनची चाचणी पास झाल्याच्या तारखेपासून" सुरू आणि पहिले तीन महिने कमी नग, असं एक पानी दुरुस्तीपत्र सही करून घ्या. आत्ता मागितलं तर लोक देतात, दंड सुरू झाल्यावर कोणी देत नाही. शेडचं बांधकाम थांबवू नका, फक्त ड्रायरचं फाउंडेशन ओतू नका. लांबी बदलली तर ते फोडावं लागेल आणि तो खर्च कोणाचा यावर अजून एक भांडण होईल.

आणि पीआयचं दुसरं पान पाठवा. तुम्ही पहिलंच स्कॅन केलंय, खाली "पान १ / २" लिहिलंय. अटी बहुतेक तिथेच असतील, जप्तीचं कलम असलंच तर तेही, आणि ते वाचल्याशिवाय पत्राचा मसुदा मी फायनल करणार नाही.