माळ्यावरचा टीव्ही थेट प्लगला लावू नका

गेल्या अंकात व्हॉल्ववाल्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या टीव्हींबद्दल प्रश्न मागवले होते. एवढी पत्रं आली की सगळी इथे मावणार नाहीत, म्हणून पाच घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय पण ते सगळ्यांनीच वाचा, कारण निम्म्या पत्रांमध्ये तोच प्रश्न आहे.

प्रश्न : माझे आजोबा गिरगावात चाळीत राहायचे. १९७५ साली त्यांनी लाकडी शटरवाला २० इंची टीव्ही घेतला, अख्खी चाळ बघायला यायची असं आई सांगते. रिटायर झाल्यावर तो गावी आणला आणि आता तीसेक वर्षं माळ्यावर गोणपाटाखाली पडून आहे. गणपतीत सगळे जमणार आहेत तेव्हा चालू करून दाखवावा म्हणतोय. एकदा नुसता प्लगला लावून बघू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका लावू दादा. अगदी पाच सेकंदसुद्धा नको.

मी माझा पहिला सेट असाच लावला होता. अर्धा मिनिट छान गुणगुणला, मी खूश, आणि मग जळक्या मेणाचा वास आला आणि लाईन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे पिक्चर ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणारा भाग, गेला तो गेलाच. तो नवीन मिळत नाही, त्याच मॉडेलचा दुसरा सेट फोडला तरच मिळतो, आणि तसा दुसरा सेट मला आजपर्यंत सापडलेला नाही.

असं का होतं ते सांगतो. सेटमध्ये वीज साठवून सप्लाय सपाट करणारे फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात, त्यांच्या आतल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो थर खराब होतो, मग एकदम व्होल्टेज दिलं की कंडेन्सर भरमसाठ करंट ओढतो, तापतो, कधीकधी फुटतो. त्यात आपल्या १९७०च्या दशकातल्या बऱ्याच सेटमध्ये रेक्टिफायर म्हणून (एसीचं डीसी करायला) बीवाय १२७ हा डायोड असतो. व्हॉल्व तापायला अर्धा मिनिट लागतो पण डायोड त्याच क्षणी सुरू होतो, म्हणजे व्हॉल्व थंड असताना, करंट ओढायला कोणी नसताना, कंडेन्सरवर ३०० व्होल्टच्या वर प्रेशर येतं. तीस वर्षं झोपलेल्या कंडेन्सरला ते झेपत नाही. म्हणून आधी ते बदला. नवे ४५० व्होल्टचे घ्या, ते आकाराने इतके लहान असतात की जुन्या डब्याच्या आत बसतात आणि बाहेरून सेट होता तसाच दिसतो. मेण लावलेले कागदी कंडेन्सर दिसले तर तेही सगळे बदला. पॉलिएस्टरचे मात्र बहुतेक वेळा चांगले निघतात, उगाच काढू नका.

आता जिवाची गोष्ट. या सेटमध्ये चेसिसचा पत्रा (ज्यावर सगळे भाग बसवलेले असतात तो) मेनच्या एका वायरला थेट जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट. त्यामुळे मागचं कव्हर काढून काम करायचं तर सेट मेनपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच, २५० ते ३०० व्हीएचा घ्या, कारण सेट दीडशे वॅटच्या आसपास खातो. बरेच जण सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब जोडून टेस्ट करतात, ते चांगलंच आहे, शॉर्ट असेल तर बल्ब भकभक पेटतो आणि सेट वाचतो. पण सिरीज बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पिक्चर ट्यूबवर १५ ते १८ हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही तो चार्ज ट्यूबमध्ये राहतो. एकदा चालू केलेल्या सेटमध्ये हात घालायच्या आधी प्लग काढून, ट्यूबच्या काळ्या बाह्य लेपाच्या अर्थला जोडलेली वायर चांगल्या इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरला बांधून, ट्यूबवरच्या हाय व्होल्टेज वायरीच्या रबरी टोपीखाली त्याचं टोक घालून डिस्चार्ज करा, मग काही मिनिटं थांबून परत एकदा करा. हे कधी केलं नसेल तर स्वतः करू नका, जुना अनुभवी मेकॅनिक शेजारी बसवा. आणि मागचा पुठ्ठा काढताना ट्यूबची मान सांभाळा. ती काच अगदी नाजूक असते, जरा धक्का लागला की हवा आत शिरते आणि ट्यूब संपली.

कोकणात अजून एक गोष्ट म्हणजे ओल. लाईन ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये दमटपणा शिरलेला असतो, तसाच चालू केला तर आत ठिणग्या पडतात. सेट माळ्यावरून खाली घ्या, कोरड्या खोलीत ठेवा, जवळ ६० वॅटचा साधा बल्ब आठ-दहा दिवस लावून ठेवा. थेट उन्हात नको, व्हिनियर सुटतं. या गणपतीला शटर उघडून, लाकूड पुसून नुसता मांडून ठेवलात तरी आई डोळे भरून बघतील, चित्र पुढच्या गणपतीला येऊ दे.

प्रश्न : वडिलांच्या सेटचे कंडेन्सर मेकॅनिककडून बदलून घेतले, आवाज छान येतो, पण स्क्रीनवर फक्त मधोमध एक आडवी पांढरी रेघ दिसते. ट्यूब गेली का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो ताई, ट्यूब चांगली आहे म्हणून तर रेघ दिसतेय! रेघ दिसते म्हणजे हाय व्होल्टेज आहे, लाईनचा भाग चालू आहे, फक्त किरण वर-खाली नेणारा व्हर्टिकलचा भाग बंद आहे. पण आधी ब्राइटनेस कमी करा, नाहीतर त्या रेघेच्या जागी फॉस्फर कायमचा जळेल. मग त्या व्हर्टिकलच्या भागातला पीसीएल ८०५ व्हॉल्व बदलून बघायला सांगा, काही सेटवर पीसीएल ८५ लिहिलेलं असतं, त्याच्या जागी ८०५ बिनधास्त बसतो. व्हॉल्व चांगला असेल तर त्याच्या ऑसिलेटरला बूस्टवरून (लाईनच्या भागात तयार होणाऱ्या जास्तीच्या व्होल्टेजवरून) सप्लाय देणारा जास्त ओहमचा रेझिस्टर मोजायला सांगा, त्याचे ओहम वर्षांनुवर्षं वाढत जातात आणि दिसायला मात्र तो एकदम नवा दिसतो. हाईटचा कंट्रोलसुद्धा दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवून बघा, कधीकधी एवढंच असतं. चित्र आलं पण खालून आखडलं किंवा दुमडलं तर त्याच व्हॉल्वच्या कॅथोडचा कंडेन्सर बघायचा.

प्रश्न : आमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो आतलं सगळं काढून टाका, मी एलसीडी बसवून देतो, बाहेरून जुना आतून नवा. स्वस्त पण पडतंय. करू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मनापासून सांगतो, करू नका. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे सेट आले त्यातले किती उरलेत ते जुन्या बाजारात एक चक्कर मारून बघा. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२ मध्ये, तोपर्यंत ट्रान्झिस्टर आणि आयसी आले होते, म्हणजे महाराष्ट्रात व्हॉल्वचा टीव्ही म्हणजे ही मधली थोडीशीच वर्षं. पिलानीच्या सीरी या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेत सेटचं डिझाइन झालं, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व बनवले, पिक्चर ट्यूब बनवल्या, चेसिसवर कुणीतरी एकेक टाका हाताने सोल्डर केला, ते सगळं त्या चेसिसमध्ये आहे, लाकडात नाही. लाकडी खोकं सुतार उद्या नवीन बनवून देईल. आत्ता पैसे नसतील तर कोरड्या जागी झाकून ठेवा, बंद सेट पुढे कधीही चालू होऊ शकतो. आणि आतलं काढायचंच असं घरात ठरलं असेल तर निदान चेसिस भंगारात घालू नका, तो दुसऱ्या कुणाच्या सेटला जीव देईल.

प्रश्न : सेट तयार झाला, पण आता लावू काय त्याच्यावर? अँटेना लावली तर फक्त मुंग्या. आणि स्पेअर व्हॉल्व कुठे शोधू? – एक वाचक, पुणे

उत्तर : अभिनंदन! मुंग्या दिसतायत म्हणजे सेट एकदम मस्त आहे. दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद झालेत, तेव्हा स्टेशन आपणच बनवायचं. एक आरएफ मॉड्युलेटर (व्हिडिओचं टीव्ही चॅनलच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा) घ्या, पण घेताना तीन गोष्टी बघा : पाल-बी (आपल्या जुन्या दूरदर्शनचं स्टँडर्ड) असला पाहिजे, चित्रापासून आवाजाचं अंतर ५.५ मेगाहर्ट्झ पाहिजे आणि तो व्हीएचएफवर पाहिजे, कारण बरेच मॉड्युलेटर फक्त यूएचएफवर असतात आणि तुमच्या ट्युनरला ते दिसणारच नाही. चॅनल ४ लावायचा तर चित्र ६२.२५ वर आणि आवाज ६७.७५ वर. अमेरिकन मॉड्युलेटर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका, त्याच्या आवाजाचं अंतर ४.५ आहे, चित्र कसंबसं येईल पण आवाज येणार नाही. मोबाईल किंवा लॅपटॉपवरून एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर, त्याचं बटण पालवर, तिथून मॉड्युलेटर, आणि सेटच्या मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर मध्ये ७५ वरून ३०० ओहम जुळवून देणारा छोटा बालन लावा.

व्हॉल्वसाठी पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी सकाळी लवकर जा, मुंबईला लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार. पीएल ५०४, पीवाय ८८ आणि डीवाय ८७ एकेक जास्तीचा घेऊन ठेवा, लाईनच्या भागात हेच सगळ्यात आधी थकतात. आणि डीवाय ८७ सोडून बाकी सगळ्या व्हॉल्वची फिलामेंट दिवाळीच्या जुन्या माळेसारखी सिरीजमध्ये असतात, एक गेलं की सगळे काळोखात. तेव्हा एक दिवस सेट एकदम मेला दिसला तर घाबरू नका, मीटर घेऊन एकेकाचं फिलामेंट तपासा. पीएल ५०४ ची प्लेट (काचेच्या आतला धातूचा पत्रा) मात्र कधी लाल झालेली दिसली तर विचार करत बसू नका, प्लग ओढा.

प्रश्न : मी लेस्टरला असते, इथे एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी घर सोडताना मला त्यांचा बुश टीव्ही २२ दिला. तपकिरी बॅकेलाईटचा, नऊ इंची, फारच गोड दिसतो. वरची उत्तरं यालाही लागू होतात का? – एक वाचक, इंग्लंड

उत्तर : केवढं भाग्य तुमचं! बुश म्हटलं की आपल्याकडे रेडिओ आठवतो, पण हा १९५० चा टीव्ही ब्रिटनमधल्या सगळ्यात लाडक्या सेटपैकी आहे. सुरक्षेचं सगळं जसंच्या तसं लागू, याचाही चेसिस मेनला थेट जोडलेला आहे. यात मेणाचे कागदी कंडेन्सर भरपूर असतात, ते सरसकट बदला. सिग्नलचं मात्र वेगळं आहे. आपला टीव्ही ६२५ लाईनचा, हा ४०५ लाईनचा, आणि ती सेवा तिथे जानेवारी १९८५ मध्ये कायमची बंद झाली, आवाजसुद्धा एफएम नाही, एएम आहे. त्यामुळे साधा मॉड्युलेटर चालणार नाही, ६२५ चं ४०५ करणारा स्टँडर्ड्स कन्व्हर्टर लागेल, लंडनच्या जुन्या चॅनल १ वर चित्र ४५ मेगाहर्ट्झला आणि आवाज ४१.५ ला. जमलं तर लंडनमध्ये डलिचला जुन्या रेडिओ-टीव्हींचं म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या. आणि शेजाऱ्यांचा पत्ता असेल तर सेट चालू झाला की त्यांना आधी बोलवा.