स्पायडरमॅन खरा कोणाचा? आधी तो चोर आठवा

तुमचा प्रश्न असा: पडद्यावर स्पायडरमॅन साकारणाऱ्या टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड या तिघांत मूळ कॉमिकमधल्या स्पायडरमॅनच्या सगळ्यात जवळचा कोण? तुम्ही टोबीच्या बाजूचे, धाकटा भाऊ टॉमचा भक्त, आणि तुमचा मित्र अँड्र्यूबद्दल वावगा शब्द ऐकून घेत नाही. दर वेळी वाद सूट, विनोद आणि जाळं मनगटातून यावं की यंत्रातून, इथेच अडतो असं तुम्ही लिहिलंय.

जाळ्याचं आधी मिटवून टाकू. कॉमिकमधला पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा मुलगा, जाळं सोडायचं यंत्र स्वतः बनवतो, त्यातलं रसायनही स्वतःच तयार करतो. अंगातूनच जाळं येण्याची कल्पना जेम्स कॅमेरॉनने नव्वदच्या दशकात लिहिलेल्या, पण कधीच न बनलेल्या चित्रपटाच्या आराखड्यात होती; दिग्दर्शक सॅम रेमीने टोबीच्या २००२ च्या चित्रपटात ती ठेवली. अँड्र्यू आणि टॉमकडे यंत्रं आहेत. या एका बाबतीत ते दोघे बरोबर आणि टोबी चूक. पण एवढ्यावरून पीटर पार्कर ठरत नाही.

तो ठरतो चोरावरून. ऑगस्ट १९६२ ची तारीख असलेल्या 'अमेझिंग फँटसी' या कॉमिकच्या १५ व्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी अकरा पानांत ही गोष्ट सांगितली. शाळेत कोणी विचारत नाही असा अनाथ मुलगा, काका-काकूंनी वाढवलेला. कोळी चावतो, अंगात ताकद येते, आणि हा काय करतो? कुस्तीच्या आखाड्यात उतरून पैसे जिंकतो, मग टीव्हीवर कार्यक्रम करतो. तिथेच त्याच्यासमोरून एक चोर पळत जातो. मागून पोलीस ओरडतोय, अडव त्याला. पीटर अडवत नाही. यापुढे मी फक्त माझं बघणार, म्हणतो. थोड्याच दिवसांत बेनकाकांचा खून होतो, आणि खुनी पकडल्यावर पीटरला दिसतं की हा तोच चोर.

मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य या कथेत बेनकाका म्हणतच नाहीत. शेवटच्या चौकटीत पीटर अंधारात दूर चालत जातो आणि हे शब्द निवेदनात येतात. कोणी वडीलधाऱ्याने दिलेला उपदेश नाही तो. वेळ निघून गेल्यावर पीटरला कळलेली गोष्ट आहे. म्हणून कुठलाही नवा स्पायडरमॅन आला की मी एवढंच बघतो: याच्या हातून नेमकं काय सुटलं, आणि ते याला कळलंय का?

२००२ च्या चित्रपटात हा भाग फार नीट जमलाय. काकांना वाचनालयात जातो असं खोटं सांगून पीटर कुस्तीला येतो. बक्षीस तीन हजार डॉलरचं, आयोजक हातावर शंभर टेकवतो आणि वर म्हणतो, ही माझी अडचण नाही. दोन मिनिटांत त्याच आयोजकाला लुटून चोर पळतो, पीटर बाजूला होऊन त्याला वाट देतो आणि तेच वाक्य आयोजकाला परत ऐकवतो. पाहताना आपल्यालाही बरं वाटतं, हा माणूस त्याच लायकीचा होता असं वाटतं. मग तो बाहेर येतो आणि रस्त्यावर गर्दी जमलेली असते. काका त्यालाच न्यायला आले होते. मघाशी ज्या गोष्टीने आपल्याला बरं वाटलं, तिच्यानेच काकांचा जीव गेला, हे पीटरबरोबर आपल्यालाही गिळावं लागतं.

पण माझ्यासाठी खरा प्रसंग पुढच्या, २००४ च्या चित्रपटात आहे. लोक त्यातली, पीटरने थांबवलेली आगगाडी आठवतात आणि ती आहेच तशी. मी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाबद्दल सांगतो. दोघं बेनकाकांच्या थडग्यावर जाऊन आलेत. मेकाकू स्वतःला दोष देतेय: त्या दिवशी मी त्यांना गाडी काढू दिली नसती, तर आज तिघं इथे चहा पीत बसलो असतो. पीटरचा हात तिच्या हातात आहे. आणि तो सांगून टाकतो. मी वाचनालयात गेलोच नव्हतो. चोर माझ्यासमोरून गेला, मी अडवू शकलो असतो, मी जाऊ दिलं. स्पायडरमॅन असल्याचं अजूनही सांगत नाही, फक्त हे सांगतो. मेकाकू काही बोलत नाही. हळूच हात काढून घेते, उठते आणि जिना चढून वर निघून जाते. रोझमेरी हॅरिस या अभिनेत्रीने तो हात ज्या पद्धतीने मागे घेतलाय ना, तो मी पंधरा-वीस वेळा तरी पाहिला असेन. राग नाही, रडणं नाही, नुसता हात. नंतर ती क्षमा करते, पण ती क्षमा खरी वाटते ती आधी हा हात निघाला म्हणूनच.

काकूला हे सांगण्याची हिंमत पडद्यावरच्या या तिघांत फक्त टोबीच्या पीटरने केली. म्हणून तुमची बाजू मला पटते, पण तुम्ही टोबीच्या साध्या चेहऱ्याबद्दल लिहिलंत. मी या टेबलाबद्दल म्हणेन.

आता तुमच्याच बाजूचा दोष. २००७ च्या तिसऱ्या भागात (आपल्याकडे तो भोजपुरीतही आला होता) काकांना मारणारा वेगळाच निघतो, फ्लिंट मार्को, आणि त्याच्याही हातून गोळी चुकून सुटलेली. पीटरने सोडलेला चोर नुसता साथीदार ठरतो. पहिल्या दोन चित्रपटांनी जे ओझं त्याच्या खांद्यावर ठेवलं होतं, ते इथे पातळ केलं. मला आजही ते खटकतं, आणि 'टोबीचे तिन्ही एकदम सरस' हे मी कधीच मान्य करणार नाही.

अँड्र्यूकडे येतो. तुमच्या मित्राला सांगा की मुखवट्यातला स्पायडरमॅन सगळ्यात चांगला अँड्र्यूचाच आहे. कॉमिकमधला स्पायडरमॅन मारामारीत अखंड बडबडतो, भीती लपवायला बोलतो. टोबी फार गप्प होता. २०१२ च्या चित्रपटात गाडीचोराच्या मागच्या सीटवर अँड्र्यू आधीच बसलेला असतो, चोर छोटा सुरा काढतो आणि हा घाबरल्याचं सोंग करतो, तो अस्सल डिटकोच्या पानांतला पोरगा आहे. चोराचा प्रसंगही वाईट नाही. दुकानात दुधाला दोन सेंट कमी पडतात, गल्ल्यावरचा माणूस सोडत नाही, मागून चोर गल्ला मारतो आणि जाताना दुधाची बाटली याच्याकडे फेकतो. म्हणजे चोरीतला एक घोट याच्या हातात! पण पुढे तो काकांच्या खुन्याला शोधत फिरतो आणि मध्येच चित्रपट तो शोध विसरून जातो. खुनी सापडत नाही, त्याबद्दल कोणी विचारतही नाही. शेवटी काकांचा फोनवरचा जुना निरोप ऐकतो, ते चांगलं आहे, पण धागा सुटलेला तो सुटलेलाच.

त्याचं खरं ओझं दुसरं आहे. त्याची प्रेयसी ग्वेन हिचे पोलीस कॅप्टन वडील मरताना त्याच्याकडून शब्द घेतात की तिला यातून लांब ठेव. तो शब्द मोडतो. २०१४ मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यात ती पडते, त्याचं जाळं हाताच्या पंजासारखं पसरत खाली जातं, तिला गाठतं, आणि तरीही उशीर झालेला असतो. कॉमिकमध्ये हे १९७३ साली झालं होतं, लेखक गेरी कॉनवे आणि चित्रकार गिल केन यांच्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात, आणि तिथेही जाळं तिच्यापर्यंत पोचलं होतं. २०२१ मध्ये टॉमच्या चित्रपटात अँड्र्यू परत येतो आणि दुसऱ्याच पीटरच्या, टॉमच्या, मैत्रिणीला, एमजेला, पडताना झेलतो, तेव्हाचा त्याचा चेहरा पाहा. ती त्याला विचारते, तू ठीक आहेस ना. सात वर्षांचा हिशेब त्या एका प्रश्नात येतो.

टॉमबद्दल माझं मत बदललंय, म्हणून जरा सविस्तर. २०१६ ते २०१९ मला तो फार लाडाचा वाटायचा. सूट टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, देणार, चष्मा टोनी स्टार्क ठेवून जाणार, बेनकाका तर दिसलेच नाहीत. नावाची आद्याक्षरं असलेली एक बॅग तेवढी दिसली. एक जागा सोडून. २०१७ च्या चित्रपटात कोसळलेल्या छताखाली तो अडकतो, आधी लहान मुलासारखा मदतीला हाका मारतो, मग पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहतो: अर्धा चेहरा त्याचा, अर्धा पाण्यात पडलेल्या मुखवट्याचा. मग तो ढिगारा उचलतो. डिटकोने 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १९६६ च्या ३३ व्या अंकात यंत्राखाली दबलेला स्पायडरमॅन काढला होता, हा प्रसंग थेट तिथून आलाय. तुमच्या भावाने फक्त हा प्रसंग पुढे केला तरी चालेल.

पण २०२१ च्या चित्रपटाने त्याला त्याचा चोर दिला. हा स्पायडरमॅन आहे हे जगाला कळलेलं असतं, त्यापायी मित्रांना एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही, म्हणून हा जगाची ती आठवण पुसायचा मंत्र मागायला जातो. आधी एमआयटीला एक फोनसुद्धा केलेला नसतो. किती छोटी, किती आपल्यासारखी चूक! तिथून सगळं उलगडत जातं आणि मेकाकू मरते. ते वाक्य या वेळी तीच म्हणते, मरायच्या जरा आधी. मला हे पटलं, कारण या पीटरला घडवणारी तीच होती. शेवटी सगळं जग त्याला विसरतं. भाड्याची खोली, स्वतः शिवलेला सूट, दुकानात एमजेसमोर लिहून आणलेला कागद, आणि तिच्या कपाळावरची पट्टी पाहून तो कागद खिशात परत. पाच वर्षं वाट पाहायला लागली, पण त्या खोलीत राहणारा मुलगा पीटर पार्कर आहे.

तेव्हा क्रम लावायचाच असेल तर गोष्टीसाठी टोबी, मुखवट्यातल्या माणसासाठी अँड्र्यू, आणि टॉम २०२१ च्या शेवटापासून पुढे. एकच नाव हवं असेल तर टोबी, २००४.

आता तुम्ही न विचारलेलं एक. तुमच्या यादीत ॲनिमेशनपटांतला दुसरा स्पायडरमॅन, माइल्स मोरालेस, नाही, आणि माझ्या या सगळ्या मोजपट्टीला खरा प्रश्न त्यानेच विचारलाय. २०२३ च्या ॲनिमेशनपटात त्याला सांगतात की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचं कोणीतरी मरायलाच हवं, गोष्टच तशी ठरलेली आहे. माइल्स म्हणतो, मला मान्य नाही. हा चित्रपट मराठीतही आला होता, आणि त्यात पवित्र प्रभाकर आहे, आपल्या मुंबईची आणि मॅनहॅटनची भेसळ असलेल्या मुंबॅटनचा स्पायडरमॅन. २००४ च्या भारतीय कॉमिकमधला धोतरातला पवित्र तुम्हाला आठवत असेल, तोच, नव्या रूपात. केस उडवत हा सांगतो की स्पायडरमॅन असणं किती सोपं आहे. सोपं आहे, कारण त्याच्या हातून अजून काही सुटलेलं नाही. थोड्याच वेळात पूल कोसळतो, त्याच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, त्याखाली येणार असतात, आणि माइल्स त्यांना वाचवतो. नियमाप्रमाणे ते मरायला हवे होते.

भावाला आणि मित्राला एका संध्याकाळी घरी बोलवा. आधी २००४ मधलं टेबल लावा, मग लगेच मुंबॅटनचा पूल. वाद त्यानंतर सुरू करा, आणि त्यात पवित्रचं काय ठरलं ते मला नक्की लिहा.